अर्धनारीनटेश्वर : लेण्यापासून पडद्यापर्यंत

आजच्या भाषणाचा आरंभ मी एका मूर्तीपासून करणार आहे आणि शेवट एका चित्रापाशी. मूर्ती घारापुरीच्या लेण्यातील आहे; तिला सुमारे साडेचौदाशे वर्षे झाली. चित्र गेल्या वर्षीचे असून ते संगणकाच्या साहाय्याने काढलेले आहे. दोहोंचा विषय एकच : अर्धनारीनटेश्वर. मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली आणि मुलांना मराठी, इतिहास व चित्रकला शिकविण्यात आयुष्य गेले. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, ही मूर्ती मी अनेकदा पाहिली आहे, आणि तिच्यासंबंधी एका मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला वेळेवर देता आले नाही. त्या प्रश्नाकडे मी शेवटी येईन.

प्रथम मूर्ती पाहू. घारापुरीचे मुख्य लेणे उत्तराभिमुख आहे. आत शिरून खांबांच्या रांगांमधून सरळ दक्षिणेच्या भिंतीकडे चालत गेले की समोर सदाशिवाचे भव्य त्रिमुख शिल्प दिसते. लोक त्याला त्रिमूर्ती म्हणतात आणि बहुतेकांचे पाहणे तेथेच संपते. त्या शिल्पाच्या आपल्या डाव्या हातास, म्हणजे पूर्वेच्या बाजूस, जो मोठा कोनाडा आहे त्यात अर्धनारीनटेश्वर उभा आहे. मूर्तीची उंची सुमारे सतरा फूट. गुडघ्यांखालचा भाग फार झिजला-फुटला आहे. परंतु वरचा भाग अजून बोलका आहे. उजवे अंग पुरुषाचे, डावे स्त्रीचे. उजव्या बाजूचा एक हात नंदीवर टेकलेला, मागच्या हातात नाग. डाव्या बाजूच्या मागच्या हातात आरसा. मुकुटाच्या उजव्या बाजूस चंद्रकोर. कानांतील अलंकार दोन्ही बाजूंस निरनिराळे. डावी कंबर बाहेर झुकलेली असून सारा देह नंदीच्या बाजूस किंचित कललेला आहे. सभोवती ब्रह्मा, गरुडावर बसलेला विष्णू, ऐरावतावरील इंद्र आणि मकरावरील वरुण असे देवगण या रूपाचे दर्शन घेण्यास जमले आहेत.

एवढे वर्णन कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडेल. मला श्रोत्यांचे लक्ष निराळ्याच गोष्टीकडे वेधावयाचे आहे. देह दोन प्रकारचा असला तरी मुख एकच आहे. कपाळापासून हनुवटीपर्यंत दुभागणारी रेषा शिल्पकाराने कोठेही काढलेली नाही. खाली वळलेली दृष्टी, शांत ओठ, आणि त्या ओठांवरून हे मुख पुरुषाचे की स्त्रीचे हे सांगता येत नाही. पुढे बाजारात आलेल्या कित्येक चित्रांत कपाळाच्या मधोमध रेघ मारून अर्धा चेहरा पांढरा आणि अर्धा पिवळा रंगविलेला आपण पाहतो. घारापुरीच्या कारागिराला तसे करणे काही कठीण नव्हते. ज्याने कंबर, वक्ष, कुंडले आणि हात इतक्या काटेकोरपणे वेगळे केले, त्याने मुख तेवढे जाणूनबुजून एक ठेवले असले पाहिजे.

हे लेणे सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कोरले गेले असे सामान्यतः मानतात, आणि बहुतेक अभ्यासक त्याचा संबंध कलचुरी राजांशी जोडतात. परंतु अर्धनारीची कल्पना त्याहून पुष्कळ जुनी आहे. मथुरेच्या कुषाणकालीन शिल्पांत ती प्रथम दिसते. तिचा लेखी पुरावा तर फार दूरच्या देशात सापडतो. एडेसा नगरात बार्देसानेस नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याचा काळ इसवी सन १५४ ते २२२. हे नगर आज तुर्कस्तानात मोडते. रोमन बादशहाकडे निघालेल्या हिंदी वकिलांशी त्याची गाठ पडली आणि त्यांच्याकडून ऐकलेली हकीकत त्याने लिहून ठेवली. ती पुढील ग्रीक ग्रंथकारांमुळे आपल्यापर्यंत आली आहे. एका उंच डोंगरातील गुहेत दहा-बारा हात उंचीची एक उभी मूर्ती आहे; तिचे उजवे अंग पुरुषाचे, डावे स्त्रीचे; उजव्या वक्षावर सूर्य आणि डाव्यावर चंद्र कोरलेला; हातांवर पर्वत, समुद्र, नदी, वनस्पती आणि प्राणी. इतके सांगून ते वकील आणखी एक गोष्ट सांगतात : जग निर्माण करण्याच्या वेळी देवाने आपल्या पुत्राला डोळ्यांसमोर ठेवण्यास नमुना म्हणून ही मूर्ती दिली होती.

ही घारापुरीची मूर्ती नव्हे, कारण त्या वेळी घारापुरीचे लेणे अस्तित्वातच नव्हते. परंतु त्या वकिलांचा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नमुना! स्त्री आणि पुरुष वेगळे होण्यापूर्वीचा नमुना. विसाव्या शतकात कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने असे मांडले की, मनुष्यजातीच्या मनाच्या तळाशी काही मूळ आकृती असतात आणि त्या देवकथांतून, स्वप्नांतून व चित्रांतून पुन्हा पुन्हा वर येतात. मराठी समीक्षक त्यांना आदिबंध म्हणतात. प्रत्येक पुरुषाच्या मनात एक स्त्रीरूप आणि प्रत्येक स्त्रीच्या मनात एक पुरुषरूप वसत असते, असेही युंगचे म्हणणे होते. कलकत्त्याच्या सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने तो १९३७ सालच्या अखेरीस हिंदुस्थानात येऊनही गेला. त्याचे सारेच सिद्धान्त आज सर्वमान्य आहेत असे नाही. परंतु जी गोष्ट तो रुग्णांच्या स्वप्नांत शोधीत होता, ती आपल्या पाथरवटांनी उघड्या खडकात कोरून ठेवली होती, एवढे खचित.

आता या रूपाचा पुढील प्रवास पाहू. बदामीच्या पहिल्या लेण्यात, चालुक्यांच्या काळी, अर्धनारीश्वर वीणा धरून उभा आहे आणि त्याच्या बाजूस हाडांचा सापळा झालेला भृंगी ऋषी आहे. भृंगीची कथा अशी की, तो शिवाचा कडवा भक्त. पार्वतीला वगळून एकट्या शिवालाच प्रदक्षिणा घालीत असे. पार्वतीने शिवाच्या देहात अर्धे स्थान मिळविले, तेव्हा याने भुंग्याचे रूप घेतले आणि दोघांच्या मधून पोखरून वाट काढण्याचा यत्न केला. देवीच्या शापाने त्याच्या अंगातील रक्तमांस नाहीसे झाले. आणि उभे राहता यावे म्हणून त्याला तिसरा पाय द्यावा लागला. कथा बोधप्रद आहे. अखंड वस्तूतून आपल्याला हवे तेवढेच कोरून घ्यावयास जो जातो, त्याच्यापाशी हाडे तेवढी उरतात.

शिवपुराणात निराळी कथा आहे. ब्रह्मदेवाने सृष्टी रचली खरी, पण तिची वाढ होईना. तेव्हा शिव अर्धनारीरूपाने प्रकट झाला आणि त्याने आपल्यापासून शक्ती वेगळी केली. म्हणजे येथे दोन जोडून एक झालेले नाही. एकातून दोन निघाले आहेत. संस्कृतात 'वामा' या शब्दाचा अर्थ स्त्री, आणि 'वाम' म्हणजे डावा. तेव्हा भाषेनेही डावे अंग स्त्रीकडे दिले आहे. कालिदासाने रघुवंशाच्या आरंभी जगाच्या या मातापित्यांना शब्द आणि अर्थ यांची उपमा दिली, हे संस्कृताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. आपल्या ज्ञानदेवांनी अमृतानुभवाचे पहिले प्रकरणच या जोडप्याला वाहिले आहे. दोघांतील भेद शोधू जाता तो हाती लागत नाही, असा त्या प्रकरणाचा भाव आहे.

अर्थात या इतिहासात सर्वच समसमान आहे असे म्हणणे सत्याला सोडून होईल. चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात तिरुवेंकाडूची चोलकालीन ब्राँझमूर्ती आहे. ती अकराव्या शतकातील आहे. अत्यंत सुंदर मूर्ती, पण तिला हात तीन. पुरुषाच्या बाजूला दोन आणि स्त्रीच्या बाजूला एक. देवत्वाची खूण म्हणून हात वाढविले, ते एकाच अंगाला! तत्त्वज्ञानात जे अभिन्न, ते कारागिराच्या हातून उतरताना समाजाच्या तराजूतून जाते. आणि त्या तराजूचे पारडे कोठे झुकत होते ते या तिसऱ्या हातावरून कळते.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर हा विचार मूर्तीपेक्षा भाषेत अधिक मुरला आहे. मी व्याकरण शिकवीत असे म्हणून हे मला विशेष जाणवते. मराठीत लिंगे तीन, आणि क्रियापदही लिंगाप्रमाणे बदलते. 'मी आलो' की 'मी आले' हे ठरविल्याखेरीज मराठी माणसाला आपल्या येण्याची वर्दीसुद्धा देता येत नाही. असे असून या भाषेने विठोबाला विठाई केले. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या पुरुष देवाला वारकरी माउली म्हणतात, आणि ज्ञानदेवांनाही माउलीच म्हणतात. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथील ग्रामदैवत मोहिनीराज आहे. म्हणजे विष्णूने धारण केलेले स्त्रीरूप. त्या नावाचे पूर्वपद स्त्रीलिंगी आणि उत्तरपद पुल्लिंगी आहे. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात यल्लम्माचे जोगते लुगडे नेसून, डोक्यावर देवीचा जग घेऊन, चौंडक्याच्या साथीने गाणी गात फिरत आले आहेत. बायाबापड्या त्यांच्या पाया पडतात. परंतु तोच जोगता आपल्या पंक्तीला बसावा असे किती घरांना वाटते? आरती ओवाळावयाची, पण पाट मांडावयाचा नाही, अशी ही रीत आहे.

या दुहेरी वागणुकीला पुढे कायद्याचीही जोड मिळाली. युरोपीय लोक घारापुरीस सोळाव्या शतकापासून येऊ लागले. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५३४ साली हे लेणे पाहिले. तेथील दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. तो हत्ती आज मुंबईच्या जिजामाता उद्यानात आहे. अर्धनारीच्या शिल्पाचा उलगडा मात्र या पाहुण्यांना लवकर होईना. एकच स्तन असलेली ही मूर्ती पाहून अठराव्या शतकातील कित्येकांनी तर्क केला की, ही ग्रीक कथांमधील ॲमेझॉन, म्हणजे युद्धासाठी एक स्तन कापून टाकणारी वीरांगना असावी. डोळ्यांसमोर पूर्ण देव उभा असताना त्यांना कापलेली बाई दिसली!

ही चूक पुढे अभ्यासाने दूर झाली. जेम्स बर्जेस या विद्वानाने घारापुरीच्या लेण्यांचे सविस्तर वर्णन करणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यात प्रत्येक शिल्पाची मापे घेतली असून कोणता देव कोणत्या बाजूस आहे तेही नोंदविले आहे. पुढे पुरातत्त्व खात्याचा प्रमुख झालेला हा गृहस्थ त्या काळी मुंबईत शिक्षणाच्याच व्यवसायात होता. त्याचा ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला तो १८७१ साली. आणि श्रोतेहो, याच १८७१ साली इंग्रज सरकारने सत्ताविसावा कायदा केला. गुन्हेगार जमातींचा कायदा म्हणून तो कुप्रसिद्ध आहे. त्यात भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, हे पुष्कळांना माहीत असते. परंतु त्याचा एक स्वतंत्र भाग हिजड्यांसंबंधी होता, हे फारसे कोणी सांगत नाही. सरकारने त्यांची नोंदवही ठेवावी. नोंद झालेल्याने स्त्रीवेषात चारचौघांत दिसू नये, नाचूगाऊ नये. दिसल्यास वॉरंटावाचून पकडावे आणि दोन वर्षांपर्यंत कैद द्यावी. त्याला अज्ञान मुलाचे पालक होता येऊ नये, मृत्युपत्र करता येऊ नये, दत्तक घेता येऊ नये. आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानातील प्रांतांस लागू होता. एकाच वर्षी, एकाच राजवटीत, दगडाच्या अर्धनारीचे माप कौतुकाने घेतले गेले आणि जिवंत माणसांची नोंद चोरांच्या शेजारी झाली. मात्र दोष सगळा इंग्रजांवर लोटून आपण मोकळे होऊ शकत नाही. तो कायदा गेल्यानंतरही आपल्या गल्लीतील, शाळेतील आणि घरातील कायदा तोच राहिला. त्यासंबंधी मी माझीच साक्ष देणार आहे.

तत्पूर्वी ही मूर्ती लेण्यातून घराघरांत कशी आली ते थोडक्यात सांगतो, कारण शेवटच्या चित्राशी त्याचा संबंध आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. प्रत्येक रंगासाठी निराळ्या दगडावर चित्र काढून एकावर एक ठसे उठवावयाचे, अशी ती शिळाछपाईची रीत. त्यामुळे ज्याला देवळात जाता येत नसे त्याच्याही भिंतीवर देव आला. आणि आपल्या आज्या-पणज्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. छापील देवीला त्यांनी खरे कापड चिकटवून लुगडे नेसविले, जरीचा काठ लावला, टिकल्या आणि मणी शिवले. माझ्या आजोळी असे एक लक्ष्मीचे चित्र होते. दिव्याच्या उजेडात तिचा पदर खरोखरच चमके. नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांनी तर यात्रेकरूंचे फोटो कापून श्रीनाथजीच्या रंगविलेल्या चित्रात पूजा करणाऱ्यांच्या जागी चिकटविण्याचा प्रघात पाडला. छाप, रंग, फोटो, कापड यांची सरमिसळ करून एक चित्र सिद्ध करणे हे आज नवे म्हणून मिरविले जाते. आपल्या देवघरांना ते शंभर वर्षांपासून परिचित आहे.

विसाव्या शतकातील चित्रकारांनी हे धागे जाणीवपूर्वक उचलले. मुंबईत १९३४ साली जन्मलेला आणि बडोद्यास स्थायिक झालेला भूपेन खख्खर हा हिशेबनीस. त्याने आरंभी बाजारातील देवादिकांची छापील चित्रे चिकटवून कोलाज केले आणि पुढे पुरुषाने पुरुषावर केलेले प्रेम निर्भयपणे रंगविले. तो २००३ साली निवर्तला. कराचीत १९४६ साली जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या नलिनी मलानी यांनी १९६९ सालीच, अकबर पदमसी यांनी मुंबईत चालविलेल्या कार्यशाळेत, कॅमेऱ्याचे प्रयोग केले. पुढे त्यांनी पारदर्शक नळकांड्यांवर आतून चित्रे काढली, ती फिरती ठेवून त्यांवर प्रकाश सोडला आणि भिंतींवर सावल्यांचे नाट्य उभे केले. आपली सीता आणि ग्रीकांची मेदेआ त्यांच्या चित्रांत शेजारी येतात. टॅबच्या काचेवर बोटाने काढलेली त्यांची चलचित्रे २०२० साली लंडनच्या व्हाइटचॅपल कलादालनात मांडली गेली. साधन बदलले, आदिबंध तेच राहिले.

आता माझी साक्ष. सन १९८९ मध्ये मी खाडीकाठच्या एका गावी सातवीच्या वर्गाला शिकवीत होतो. मुलांची सहल घारापुरीस नेली. अर्धनारीच्या कोनाड्यापुढे सगळी मुले दोन मिनिटे थांबून माकडांच्या मागे धावली. एक मुलगा मात्र तेथेच उभा राहिला. अभ्यासात हुशार, बोलण्यात मृदू. चालण्याबोलण्यावरून इतर मुले त्याला चिडवीत, हे मला माहीत होते आणि मी त्याकडे काणाडोळा करीत असे. त्याने मला विचारले, "गुरुजी, हा देव आहे की देवी?" मी म्हटले, "लाँच सुटेल, चल."

पुढच्या आठवड्यात चित्रकलेच्या तासाला सहलीतील एक दृश्य काढण्यास सांगितले. कोणी लाँच काढली, कोणी माकडे. त्याने अर्धनारीनटेश्वर काढला होता, आणि चेहरा स्वतःचा काढला होता. शेजारच्या मुलाने वही ओढून वर्गाला दाखविली आणि एकच हशा पिकला. त्या वेळी माझे कर्तव्य काय होते हे आज कोणी न सांगताही मला कळते. मी त्या हसणाऱ्यांना गप्प करावयास हवे होते. ते सोडून मी त्याच्या बाकापाशी गेलो आणि म्हणालो, "हे काय काढलंस? एक काय ते ठरव. अर्धं पूस." त्याने माझ्यादेखत रबर घेऊन चित्राचे डावे अंग पुसून टाकले. वर्ग शांत झाला, आणि मी शिस्त राखली असे मला वाटले. आठवी झाल्यावर त्याने गाव सोडले.

मध्ये बरीच वर्षे गेली. सन २०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांखेरीज तिसरी नोंद प्रथमच घेतली गेली आणि ४,८७,८०३ एवढा आकडा निघाला. पुढे १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांस मान्यता दिली आणि आपण कोण हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे असे सांगितले. वर्तमानपत्रात तो निकाल वाचताना मला प्रथम आठवण झाली ती त्या वहीची.

गेल्या वर्षी मला मोबाईलवर एका चित्रप्रदर्शनाचे निमंत्रण आले. खाली लिहिले होते, 'आपली विद्यार्थिनी'. नाव अपरिचित, आडनाव मात्र गावचे. दोनदा वाचल्यावर उलगडा झाला. मुंबईतील एका छोट्या कलादालनात मी गेलो. दारातच ती भेटली. साडी नेसलेली, केसांत थोडी चांदी. चाळीस वर्षे व्याकरण घोकलेला मी, माझी जीभ अडली. 'कसा आहेस' म्हणू की 'कशी आहेस'? शेवटी म्हणालो, "बरं आहे ना, बाळ?" बाळ हा शब्द नपुंसकलिंगी, त्याच्या आड मी लपलो. ती हसली. म्हणाली, "गुरुजी, 'कशी आहेस' म्हणा. तुम्हीच शिकवलंत, कर्त्याप्रमाणे क्रियापद."

तिने मला एका चित्रापुढे नेले. घारापुरीच्या शिल्पाचा फोटो हा त्याचा तळचा थर. संगणकात असे कितीही थर एकावर एक ठेवता येतात, वरचा पातळ करून खालचा दिसू देता येतो, हे तिने मला समजावून सांगितले. मला रविवर्म्याच्या छापखान्यातील दगड आठवले. फोटोवर तिच्या आजीच्या लुगड्याच्या जरीकाठाची छबी होती. तो काठ तिने स्कॅनरच्या काचेवर ठेवून घेतला होता. मग टॅबवर लेखणीने भरलेले रंग. हे सर्व सुती कापडावर छापून वरून तिने स्वतःच्या हाताने टिकल्या शिवल्या होत्या. आणि चित्राच्या मध्यभागी, मूर्तीच्या मुखाच्या जागी, सातवीतल्या वहीचे ते पान होते.

पानाचे डावे अंग कोरे असावयास हवे होते. मीच ते पुसावयास लावले होते. परंतु तेथे रेघा दिसत होत्या. मी विचारले, ह्या नव्याने काढल्यास का? ती म्हणाली, "नाही गुरुजी. पेन्सिल मी दाबून धरायचे, तुम्ही त्यावरून रागवायचात. रबराने शिसं जातं, कागदावरचा दाब जात नाही. पानावर बाजूने उजेड सोडला आणि फोटो काढला, तेव्हा सगळ्या रेघा दिसल्या. त्यांवरून मी फक्त सोनेरी फिरवलं." तो चेहरा आता पूर्ण होता. त्याच्यावर दुभागणारी रेघ नव्हती.

मी तिला म्हणालो, "त्या दिवशी माझी चूक झाली." चारचौघांत म्हणालो, कारण चूकही चारचौघांतच झाली होती. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वही मी टाकली नाही, एवढं खरं. पण पुष्कळ वर्षं उघडलीही नाही." तिने मला क्षमा केली असे मी म्हणणार नाही, तसे ती म्हणाली नाही आणि मीही विचारले नाही. चहा मात्र तिने स्वतः आणून दिला.

श्रोतेहो, इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला वाटत होते की अर्धनारीनटेश्वर ही आपल्या पूर्वजांची थोर कल्पना आहे आणि तिचा अभिमान बाळगणे हे आपले काम आहे. आज मला तो अभिमान फार स्वस्त वाटतो. दगडापुढे हात जोडण्यास काही मोल पडत नाही. घारापुरीच्या शिल्पकाराने दोन अंगांवर एकच मुख कोरून जो विचार सांगितला, तो पुढच्या शतकांत कोणी कोणी राखला आणि कोणी कोणी पुसला याचा हिशेब मांडला, तर पुसणाऱ्यांच्या यादीत इंग्रजांचा कायदा आहे, आपल्या पंगती आहेत, आणि हातात खडू घेतलेला एक तरुण मास्तरही आहे.

तेव्हा शेवटी एकच विनंती. मुलांना घेऊन घारापुरीस अवश्य जावे. सदाशिवाचे दर्शन झाल्यावर डाव्या हाताच्या कोनाड्यापाशी जरा अधिक थांबावे आणि ते मुख नीट पाहावे. आणि एखाद्या मुलाने विचारले, 'हा देव आहे की देवी?' तर लाँच सुटेल ही सबब सांगू नये. लाँच पुन्हा मिळते. मुलाला म्हणावे, 'हा पूर्ण आहे.' पुढे त्याला आणखी काही विचारावयाचे असेल तर तेही ऐकून घ्यावे.